प्लॉट विकून पोराला सिनेमा आणि जर्मन शिकायला पाठवायचं का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव अर्थातच देत नाही. ताई पतसंस्थेत आहेत, मिस्टर सरकारी खात्यात, रिटायरमेंटला पाच-सहा वर्षं. एकुलता एक मुलगा, बारावी सायन्स झाला, मार्क बरे आहेत, सीईटी दिली पण इंजिनिअरिंगचा फॉर्मच भरला नाही. दोन वर्षं ऑनलाइन जर्मन शिकतोय, ए-टू लेव्हल (सहा पायऱ्यांतली दुसरी) झालीय, आणि रात्र रात्र जागून युरोपातले सिनेमे बघतो. एका कन्सल्टंटमार्फत ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिटीची ऑफर आलीय: फिल्म स्टडीज आणि मॉडर्न लँग्वेजेस अशी चार वर्षांची जोडपदवी, भाषा जर्मन आणि त्याच्या जोडीला शून्यापासून इटालियन. फी वर्षाला २४ हजार पाउंड. वडील म्हणतात प्लॉट काढू, पोराची इच्छा आहे ना. काका म्हणतात पिक्चरच बघायचेत तर तिकीट काढ की, एवढे पैसे कशाला. डिपॉझिट भरायची मुदत महिनाअखेर. ताईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "हे शिकून तो होणार कोण? आणि प्लॉटही गेला, पोरगंही मार्गाला नाही लागलं, तर आम्ही काय करायचं?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली की घरात तिघं जण तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय आणि तिघांनाही वाटतंय की विषय एकच आहे. मिस्टरांच्या डोक्यात पोरगं डायरेक्टर होणार आहे. दीरांच्या डोक्यात तो चार वर्षं पिक्चर बघणार आहे. तुमच्या डोक्यात नोकरी. आणि ऑफर लेटरमध्ये यातलं काहीच नाहीये! म्हणून आधी ती पदवी असते तरी काय ते बघू, मग पैशाचं बोलू.

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि मधेमधे सबटायटलिंगची कामं करते, त्यामुळे अशी पोरं (आणि त्यांचे पालक) कायम भेटतात. सगळ्यात कॉमन गैरसमज हाच, की फिल्म स्टडीज म्हणजे सिनेमा करायला शिकवणार. तसं नसतं. कॅमेरा, एडिटिंगचे एखाददुसरे पेपर असतात कधीकधी, पण मुख्य काम म्हणजे वाचणं, सिनेमा पुन्हा पुन्हा बघणं, त्यावर चर्चा आणि लिहिणं, लिहिणं, लिहिणं. मुलाला सांगा की युनिव्हर्सिटीच्या साइटवर प्रत्येक विषयाची माहिती असते तिथे विषयाचं नाव वाचून खूश होऊ नकोस, खाली मार्क कशाचे आहेत ते बघ. "दोन निबंध, प्रत्येकी अडीच हजार शब्द, आणि एक लेखी परीक्षा" अशा छापाचं काहीतरी दिसेल. हे वाचून त्याचे डोळे चमकले तर तो योग्य ठिकाणी निघालाय. तोंड पडलं, तर त्याला खरं म्हणजे सिनेमा करायचाय आणि त्याचा रस्ता वेगळा. सिनेमा करायला शिकवणारी सरकारी संस्था म्हणजे पुण्याची एफटीआयआय, तिथे बहुतेक कोर्सना कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे तिकडे जायचं असलं तरी आधी तीन वर्षांचं कॉलेज आहेच, आणि ते सांगलीत केलं काय नि स्कॉटलंडमध्ये केलं काय, प्रवेश परीक्षेला फरक पडत नाही.

आता भाषा. तुमच्या घरात सगळे सिनेमावर बोलताय आणि जर्मन म्हणजे जेवणातलं लोणचं झालंय. माझं मत बरोबर उलटं आहे. या पदवीत पोट भरायची ताकद कशात असेल तर ती भाषेत आहे, आणि सिनेमातसुद्धा तो इतरांपेक्षा वेगळा ठरेल तर भाषेमुळेच. सिनेमावर बोलणारी पोरं पायलीला पन्नास आहेत हो, मूळ जर्मनमधून कागद वाचून बोलणारा मराठी मुलगा शोधावा लागतो.

तुमच्याच गावचं उदाहरण देते. १९३३ साली, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला येत होती त्याच सुमारास, व्ही. शांताराम 'सैरंध्री' सिनेमाचं रंगीत काम करून घ्यायला जर्मनीला गेले होते, कारण तो सोपस्कार इथे होत नव्हता. पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ओस्टन नावाचा जर्मन माणूस हिंदी सिनेमे डायरेक्ट करत होता, कॅमेऱ्यामागेही जर्मनच, योझेफ विर्शिंग. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांनी या लोकांना शत्रू देशाचे नागरिक म्हणून पकडलं. आता त्या काळावर कुणाला नीट काम करायचं असेल तर अर्धी सामग्री जर्मनमध्ये आहे, जुनी वर्तमानपत्रं, कंपन्यांचे कागद, पत्रव्यवहार. आपल्याकडे सिनेमाच्या इतिहासावर प्रेम करणारी माणसं ढीगभर आहेत पण हे कागद वाचू शकणारी माझ्या माहितीत फार थोडी. तुमचा मुलगा कोल्हापूरचा, मराठी त्याची आईची भाषा, वर जर्मन चांगलं आलं तर हे काम करायला त्याच्याइतका सोयीचा माणूस बर्लिनमध्येसुद्धा मिळणार नाही. हे त्याला कुणी सांगितलंय का? मला शंका आहे, कन्सल्टंटने तर नक्कीच नसेल.

कन्सल्टंटचं निघालंच आहे तर सांगून टाकते. परदेशी प्रवेश करून देणाऱ्या बऱ्याच एजंटांना विद्यार्थ्यामागे युनिव्हर्सिटीकडूनच कमिशन मिळतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण "महिनाअखेर सीट जाईल" हे जो सांगतोय त्याचा त्यात काय फायदा आहे हे माहीत असावं एवढंच. तुम्ही कर्जाच्या खिडकीत बसता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तर हिशोब. फी २४ हजार. राहणं-खाणं लंडनबाहेर धरलं तरी व्हिसासाठीच महिन्याला अकराशे पाउंडांच्या वर दाखवावे लागतात, शिवाय विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज. म्हणजे वर्षाला ३५ हजार पाउंड सहज, चाळीस लाखांच्या घरात. चार वर्षांपैकी एक वर्ष बहुधा युरोपात असतं, त्या वर्षी फी बरीच कमी लागते, तरी एकूण आकडा एक कोटी तीस-चाळीस लाखांवर जातो. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण त्यातून फार तर भाजीपाला निघेल, फी नाही. आणि पदवीनंतर नोकरी शोधायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तो आजवर दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा केलाय. तुमचा मुलगा बाहेर पडेल २०३० नंतर, तोपर्यंत काय असेल ते देव जाणे.

अजून एक गोष्ट, आणि ही माहितीपत्रकात कुणी छापत नाही. ब्रिटनमध्ये भाषा विभागांचे दिवस सध्या चांगले नाहीत. तिथलीच मुलं भाषा कमी घेतात, युनिव्हर्सिट्यांना पैशाची चणचण. ॲबर्डीनने २०२३ च्या शेवटी निव्वळ भाषेच्या पदव्या बंद करून फक्त जोडपदव्या ठेवायचं ठरवलं. कार्डिफने जानेवारी २०२५ मध्ये आधुनिक भाषांचं शिक्षणच बंद करायचा प्रस्ताव मांडला होता, मग ओरडा झाल्यावर मवाळ केला. सगळीकडे असंच होईल असं नाही म्हणत मी, पण चार वर्षांचे पैसे आपण घालणार तर इटालियन शिकवणारे मास्तर चौथ्या वर्षी तिथे असतील का, हे लेखी विचारायला काय हरकत आहे? तेव्हाच हेही विचारायचं की युरोपातल्या वर्षासाठी वेगळा व्हिसा लागेल तो कोण बघणार, तिकडच्या कॉलेजात जागा पक्की असते का, आणि भारतीय पासपोर्टवर तिथे पगारी काम करता येतं का. मुलांना वाटतं एकदा इंग्लंडमध्ये पोचलं की पुढचं सगळं आपोआप होतं.

मग पाठवूच नका असं म्हणतेय का? नाही. आता, या पायरीवर, या पैशात पाठवू नका असं म्हणतेय.

कारण साधं आहे. मदतीचा पैसा जवळजवळ सगळा मास्टर्सच्या पायरीवर ठेवलेला असतो. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या (राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जातींसाठीची, तशाच इतर प्रवर्गांच्या) बहुतेक पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. जे. एन. टाटा एन्डॉमेंटचं कर्ज पदवीनंतरच. इरॅस्मस मुंडस म्हणून युरोपियन युनियनची स्कॉलरशिप आहे, फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, तीसुद्धा मास्टर्सला. त्यात लिस्बन, बुडापेस्ट, ब्रसेल्स अशा तीन शहरांत फिरून करायचा डॉक्युमेंटरीचा कोर्ससुद्धा आहे, डॉकनोमॅड्स, मुलाला आवडेल तो, बघायला सांगा. बारावीनंतर गेलात तर सगळं खिशातून, आणि तीन वर्षं थांबून गेलात तर निदान दार ठोठवायला चार दारं तरी आहेत.

त्यात जर्मन येत असेल तर जर्मनीच सगळ्यात स्वस्त. सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र परदेशी मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत). खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, ते आपलेच असतात, महिन्याला थोडे थोडे काढता येतात. आपल्याकडच्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला लागतो, २०२२ च्या नोव्हेंबरपासून, त्याला वेळ जातो म्हणून आधी अर्ज टाकायचा. बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आधी इथल्या कॉलेजची एक-दोन वर्षं तरी लागतात. आणि फ्रँकफुर्टच्या ग्योथे युनिव्हर्सिटीत तिथल्या फिल्म म्युझियमच्या जोडीने चालणारा एक मास्टर्स आहे, जुने सिनेमे जपायचे कसे, दाखवायचे कसे याचाच. शिकवणं जर्मनमध्ये, म्हणून सी-वनच्या (पाचव्या पायरीच्या) आसपास पोचलेलं हवं. ए-टू ते सी-वन, कॉलेज सांभाळून, मन लावून केलं तर अडीच-तीन वर्षं. बघा कसं जुळतंय.

इटालियनची त्याला खरंच ओढ असेल तर बोलोन्याचं नाव त्याने ऐकलंच असेल. तिथल्या युनिव्हर्सिटीत १९७१ पासून कला-संगीत-नाटक-सिनेमा असा एकत्र विभाग आहे, फी कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे लागते, आणि तिथल्या प्रांताची स्कॉलरशिप परदेशी मुलांनाही मागता येते. त्याच गावात जुन्या फिल्म दुरुस्त करायची ती जगप्रसिद्ध लॅब आहे जिथे आपल्याकडच्या 'मंथन'सारख्या सिनेमांचं काम मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने करून घेतलं. पण इटालियन तर अजून शून्यावर आहे ना. दोन भाषा एकदम धरल्या की दोन्ही अर्ध्या राहतात, हे मी वर्गात कायम बघते, पोरगा इटालियनमध्ये बोलायला लागतो आणि मधेच जर्मन क्रियापद टपकतं. आधी जर्मन पक्कं होऊ दे.

तर मग ही तीन वर्षं कुठे? दिल्लीची जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) इथे जर्मन, फ्रेंच वगैरे भाषांत बीए ऑनर्स होतं, सरकारी फी, प्रवेश परीक्षा. या वर्षीची वेळ गेली असेल तर पुढच्या वर्षी द्यायची. नाहीतर कोल्हापुरातच साधं बीए करून शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात बघायचं. नाहीतर पुणे. इथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे भाषांचे पार्टटाइम कोर्स आहेत, मॅक्सम्युलर भवन आहे, आणि सिनेमाचं म्हणाल तर लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्ह आणि एफटीआयआय अगदी जवळजवळ. (एफटीआयआय प्रभातच्याच जागेवर उभी आहे, म्हणजे कोल्हापूरकरांचा थोडा हक्कच लागतो तिथे.) जानेवारीत पिफ हा पुण्याचा फिल्म फेस्टिव्हल असतो, नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी, तुमच्याकडून पणजी काय लांब. कोल्हापुरातही बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे, तिथे तो जातो का? घरी मोबाइलवर एकट्याने बघणं आणि दहा माणसांत बघून नंतर चहाच्या टपरीवर वाद घालणं यात फार फरक आहे, आणि फिल्म स्टडीजचे वर्ग म्हणजे बरंचसं ते टपरीवरचं भांडणच असतं, फक्त पुरावे देऊन करायचं.

आता "होणार कोण?" ताई, हा प्रश्न चुकीचा नाही पण त्याचं एका शब्दात उत्तर देता येईल असे कोर्स आता फारसे उरले नाहीत, इंजिनिअरिंगसुद्धा नाही, तुमच्याच पतसंस्थेत क्लार्कच्या जागेला किती बीई अर्ज करतात ते तुम्हीच सांगा. खरं सांगायचं तर फक्त सिनेमाच्या जोरावरच्या नोकऱ्या थोड्या. फेस्टिव्हल, आर्काइव्ह, शिकवणं, सिनेमावर लिहिणं, सगळीकडे जागा कमी आणि पगार बेताचे. सबटायटलिंगला मिनिटाच्या हिशोबाने पैसे मिळतात आणि आता मशीनने केलेलं भाषांतर नुसतं तपासून द्या असं म्हणून रेट पाडतात, हे मी रोज भोगतेय. पण बी-टू, सी-वन जर्मन असलेल्या मुलाला पुण्यात काम मिळतं: चाकणपासून हिंजवडीपर्यंत जर्मन कंपन्या आहेत, त्यांच्याशी धंदा करणाऱ्या आयटी कंपन्या आहेत, शाळांना जर्मनचे शिक्षक लागतात. म्हणजे पोट भाषेवर आणि मन सिनेमावर, अशी पहिली काही वर्षं काढता येतात. त्याला हे कमीपणाचं वाटेल कदाचित. अठराव्या वर्षी वाटतंच.

आणि एक विनंती, तो इंजिनिअरिंगपासून पळतोय असं पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय तुम्ही. जो मुलगा कुणी न सांगता दोन वर्षं धातूंची रूपं पाठ करतोय तो पळपुटा नसतो. पण नुसतं आवडणं आणि त्याचा अभ्यास जमणं यातलं अंतर त्याने स्वतः मोजलेलं बरं, म्हणून त्याला दोन कामं द्या. माझं नाव सांगून द्या हवं तर.

पहिलं: एक जर्मन सिनेमा घ्यायचा, तीनदा बघायचा. एकदा सबटायटलसह, एकदा सबटायटल बंद करून, एकदा नुसता आवाज बंद करून. मग त्यावर मराठीत दीड हजार शब्द लिहायचे. गोष्ट सांगायची नाही आणि "अप्रतिम छायांकन" असली वाक्यं नकोत, एकच प्रश्न घ्यायचा, उदाहरणार्थ अमुक पात्र कायम दाराच्या चौकटीतच का दिसतं, आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. दुसरं: त्यातलाच तीन मिनिटांचा संवादाचा प्रसंग घेऊन मराठी सबटायटल करायची. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि सहा-सात सेकंदांच्या वर एकही ओळ राहता कामा नये. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवरा-बायको भांडतायत, दोघं एकदम बोलतायत, तिचं वाक्य संपायच्या आत शॉट बदलतोय आणि आपलं मराठी वाक्य अजून क्रियापदापर्यंतही पोचलेलं नाही! मग कापायचं, शब्द फिरवायचा, परत प्ले करायचं. तीन मिनिटांना पहिल्यांदा अख्खा रविवार जातो. सोमवारी त्याने स्वतःहून पुढचा प्रसंग घेतला तर हा मुलगा या क्षेत्रात टिकेल, मग तुम्ही काळजी सोडा. दीरांना दाखवा ते सबटायटल, कदाचित त्यांनाही पिक्चर कळेल.

राहिला महिनाअखेरचा प्रश्न. डिपॉझिट भरू नका, पण ऑफर फाडूनही टाकू नका. मुलाने स्वतः, कन्सल्टंटला मधे न घेता, युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करायचा: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, त्यासाठी आत्ता डिपॉझिट भरावंच लागतं का, भरलं आणि आलो नाही किंवा व्हिसा नाकारला गेला तर किती परत मिळतं, आणि वर लिहिलेले भाषा विभागाचे प्रश्न. बऱ्याच युनिव्हर्सिट्या एक वर्ष देतात. ऑफर देणाऱ्यांनी साध्या मेलला नीट उत्तर दिलं नाही तर तेही एक उत्तरच आहे. मिस्टरांना सांगा, प्लॉटचा सातबारा कपाटात राहू दे, मास्टर्सच्या वेळी जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला तारण म्हणून लागलाच तर बघू, विकायची वेळ बहुधा येणार नाही. आणि कॉलेज ॲडमिशनच्या तारखा चालू असतील तर बीएचा फॉर्म याच आठवड्यात भरून ठेवा, तो नंतर रद्द करता येतो.